वरचं मीटर

जे मोजता येतं तेच खऱ्या अर्थानं जाणता येतं, असं थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो तेव्हा दर वर्षी पहिल्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहायचो. मुलं ते उतरवून घ्यायची आणि परीक्षेत मला परत करायची. त्या वाक्यावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो सातवीपर्यंत शिकला होता आणि माझा घरमालक होता.

अण्णा पट्टणशेट्टींची कोल्हापुरात गुळाची अडत होती. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, अंगात पांढरा सदरा. दुपारी मार्केट यार्डातून घरी यायचे तेव्हा सदऱ्याला गुळाचा वास असायचा आणि त्या वासामागं चार-दोन माश्या थेट घरापर्यंत सोबत करायच्या. माणूस उंच, आवाज त्याहून मोठा. यार्डात लिलाव पुकारून पुकारून त्यांना हळू बोलण्याची सवयच उरली नव्हती. त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायची.

त्यांचं घर दुमजली. खाली एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला दोन खोल्यांत मी. वर त्यांचा मुलगा महेश, सून सविता. मधोमध जिना आणि जिन्याखाली लाकडी फळीवर शेजारी शेजारी दोन मीटरं, एक खालच्या घराचं, एक वरच्या घराचं. माझ्या खोल्यांचं मीटर माझ्या दारामागं होतं, त्याचा या हकिकतीशी संबंध नाही.

सुरुवातीला फळीवर एकच मीटर होतं, आणि तेव्हा सगळे खालीच एकत्र राहत होते. अण्णांचा त्या काळातला एक प्रश्न सगळ्या गल्लीला पाठ होता: "दिवा कुणासाठी जळतोय?" हा प्रश्न विचारत ते या खोलीतून त्या खोलीत हिंडायचे आणि बटणं बंद करायचे. खोलीत माणूस असला तरी बंद करायचे, कारण माणूस बसूनच असेल तर त्याला दिव्याचं काय काम? अव्वा, म्हणजे त्यांची बायको, संकेश्वरकडची. तीही त्यांच्यामागून हिंडत राहिलेली बटणं बंद करायची. या बाबतीत दोघांचा संसार एकमतानं चालला होता.

सविता शिरोळकडून आली. तिकडं पाणी मुबलक, ऊस मुबलक. तिच्या माहेरी गोठ्यातसुद्धा ट्यूबलाइट होती. तिनं आल्यावर न्हाणीत गीझर बसवून घेतला. अण्णांनी आठवडाभर दम धरला आणि एका सकाळी ती तोंडाला साबण लावून बसलेली असताना फ्यूज काढून खिशात घातला. न्हाणीतून तिनं, अंगणातून महेशनं आणि दोघांच्या मधून अण्णांनी जे काही म्हटलं, त्यातलं लिहिण्यासारखं फारसं नाही. महिन्याभरात महेशनं वरच्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलं आणि वेगळं मीटर घेतलं.

पूर्वी घरं चुलीवरून फुटायची. वेगळी चूल म्हणजे वेगळं घर, हे कुणी समजावून सांगावं लागत नसे. अण्णांच्या हिशेबी चुलीची जागा मीटरनं घेतली होती. मीटर बसवायला माणसं आली त्या दिवशी त्यांनी समाजातली चार माणसं बोलावली, तळहातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेतला आणि मोठ्यानं शपथ घेतली. वरच्या घराचा जिना चढणार नाही. वरच्या घराशी बोलणार नाही. वरच्या घराची खबर कुणाच्या तोंडून घेणार नाही. बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ मोडत नसतात. चार माणसांनी चहा घेतला, मान हलवली आणि ती गेली.

शपथेच्या वेळी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. अव्वा खाली होती. दोन वर्षांनी सविता बाळंत झाली तेव्हा अव्वानं लुगड्याचा पदर खोचला.

"मी वर जातो," ती म्हणाली. "महिन्या-दोन महिन्यांनी येतो खाली. तुमची शपथ तुमच्यापाशी."

ती वर गेली आणि तिच्या गुडघ्यांनी जिना पाहून माघार घेतली. आधीच दुखरे होते, ते आता वळेनातच. खाली उतरायचं म्हणजे दोघांनी धरून आणायला हवं, आणि खाली आल्यावर करायचं काय, तर पुन्हा वर चढायचं. तिचे गुडघे वाकत नव्हते आणि यांची शपथ. जिन्याच्या दोन टोकांना दोघं राहिली. अव्वा आता वरच्या घरात मोडत होती, म्हणजे तिच्याशी बोलणंही शपथेत बसत नव्हतं. मी एकदा म्हणालो, "अण्णा, शपथ मुलावर घेतली होती, त्यांच्यावर नाही." अण्णा म्हणाले, "सर, मी 'वरचं घर' म्हटलंतं. चार माणसं साक्षीला हुती." कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसांइतका कायदा कुणी पाळत नाही.

अव्वानं मात्र वाटा काढल्या. वरच्या गॅलरीत कुंडीत बेलाचं रोप होतं. ती त्या रोपाशी बोलायची, अण्णा खाली ओट्यावर बसले की. "यंदा थंडी लई हाय. म्हाताऱ्या माणसांनी कानाला कायतरी बांधावं," असं ती रोपाला सांगायची. अण्णा मान वर करायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कानाला मफलर असायचा. झाडाशी बोललेलं कानावर पडलं तर त्याला इलाज नाही, असं त्यांचं मत होतं. दुपारी त्याच गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली यायची. आत भाकरी, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. "खाण्याचं मी कायबी बोललो न्हवतो," अण्णा मला म्हणाले होते, मी न विचारता.

आणि तिसरी वाट त्यांची स्वतःची. शपथेत तोंडाचा उल्लेख होता. मीटरला तोंड नाही.

जुनी मीटरं चाकाची होती. काचेआड एक पातळ पत्र्याचं चाक फिरायचं, त्याच्या कडेवर काळी खूण. खूण समोर आली की एक फेरा. अण्णा सकाळी पूजा आटोपून, दुपारी जेवून आणि दिवेलागणीला जिन्याखाली स्टूल टाकून बसायचे आणि वरच्या मीटरचे फेरे मोजायचे. घड्याळानं नव्हे. उजवा हात गळ्यातल्या डबीवर ठेवून ते 'ओम नमः शिवाय' म्हणायचे आणि एका फेऱ्याला किती जप होतात ते बघायचे. गल्लीत नवीन आलेल्या एका बाईंनी, पट्टणशेट्टींच्या घरी लाइटच्या मीटरची पूजा असते, असं आपल्या माहेरी कळवलं होतं.

हळूहळू मलाही ती विद्या थोडी कळायला लागली. गीझर लागला की चाक दिसेनासं व्हायचं, जप अर्ध्यावर राहायचा. मिक्सर म्हणजे तुटक उसळ्या. इस्त्री म्हणजे थोडा वेळ पळणं, थोडा वेळ चालणं. अण्णा पुटपुटायचे, म्हणजे जिन्यात घुमायचं, "नातू उठला. गिझर लावला. आज शाळंला उशीर हुतोय त्येला." किंवा, "मिक्सर चार झटक्यात बंद. सुनंचं काम हाय. ही असती तर दम खात खात वाटती." नातवाला ताप आला तेव्हा अण्णांना ते पंख्यावरून कळलं. थंडीचे दिवस असून वरचा पंखा दुपारभर चालला होता, म्हणून. त्यांनी मार्केटातून येताना मोसंबी आणली आणि रिकाम्या पिशवीत घालून दोरी हलवली.

महेशला हे दिसायचं आणि त्याचा अर्थ त्याला वेगळा लागायचा. बाप आपले युनिट मोजतोय. एकदा तो जिन्यातूनच ओरडला, "अण्णा, आमचं बिल आमी भरतोय. तुमी कशाला राखण बसलाय?" अण्णांचं त्याच्याशी बोलणं शपथेत बसत नव्हतं. त्यांनी जप पुरा केला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आवाज बसलाय त्येचा. सर्दी झालेली दिसती."

आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळानं याच सुमारास वीज बचत सप्ताह साजरा केला. सप्ताहासाठी त्यांनी चौकात जी रोषणाई केली तिच्या झगमगाटात सप्ताह उठून दिसला. समारोपाला 'आदर्श वीजग्राहक' म्हणून अण्णांचा सत्कार ठरला, कारण रोज तीन वेळा मीटर पाहणारा दुसरा माणूस शहरात नव्हता. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि त्यांनी उशीर भाषणात भरून काढला. अण्णांसारखे नागरिक घरोघरी निर्माण झाले तर देशाला नवी धरणं बांधावी लागणार नाहीत, असं ते म्हणाले. त्यांच्या वागण्यापासून आपण सर्वांनी काही शिकावं, असंही म्हणाले. अण्णा शाल-नारळ घेऊन व्यासपीठावर चुळबुळत होते. मी खाली पहिल्या रांगेत. भाषणाच्या मध्येच त्यांनी मला कानात सांगावं तसं सांगितलं आणि ते ध्वनिक्षेपकानं सगळ्या चौकाला सांगितलं:

"सर, ह्येंचं कवा आटपायचं? तिची चटणी वाटायची येळ झाली."

लोक हसले. पाहुणेही हसले, त्यांना वाटलं विनोद आहे.

मग एका हिवाळ्यात गॅलरीतलं बोलणं थांबलं. दोरीनं पिशवी यायची, पण अण्णांनी गाठ बघितली आणि पिशवी तशीच मांडीवर घेऊन बसले. "ही तिची गाठ न्हवं," म्हणाले. दोन दिवसांनी महेश आणि त्याचा मित्र चादरीत गुंडाळलेलं कसलंसं खोकं जिन्यानं वर घेऊन गेले. त्या दिवसापासून वरचं चाक थांबेना. सकाळी तसंच, दुपारी तसंच, दिवेलागणीला तसंच. त्यावर गीझर चढायचा, मिक्सर चढायचा, ते उतरले की खाली हे उरायचंच.

"फ्रिज असंल," मी म्हणालो.

"फ्रिज दम घेतो, सर. थोडा चालतो, थोडा थांबतो. ह्ये दम घेत न्हाय."

मी महेशला जिन्यात गाठून विचारलं, आई कशा आहेत. "बरं हाय सर," तो म्हणाला. सविताला विचारलं. तीही म्हणाली, "बरं हाय की." आजारी बाईच्या आतल्या खोलीत भाडेकरू पुरुषानं जाण्याची आमच्याकडं रीत नाही, म्हणून मी वर गेलो नाही. अण्णांना एवढंच सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "तोंडातनं नको, सर. कायबी असंल तरी नको."

त्या दिवसांत अण्णा मार्केटात जाईनासे झाले. लिलावाला त्यांच्या जागी दुसराच पुकारायला लागला. ते स्टुलावर असायचे. जपाचा आवाज इतका खाली आला होता की, माझं दार उघडं असलं तरच ऐकू यायचा. एकदा मी चहा घेऊन गेलो, तर त्यांनी कप हातात घेतला नाही. चाकावरची नजर न काढता म्हणाले, "ह्ये थांबलं तर काय समजायचं, सांगा. बरी झाली म्हणून थांबलं का..." कप मी फळीवर ठेवला, तो संध्याकाळपर्यंत तिथंच होता.

शेवटी ते मठात जायला निघाले, स्वामींना विचारायला. बेलभंडाऱ्यातून मोकळं व्हायची काही रीत असेल तर करायची आणि जिना चढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. एसटीनं सकाळी गेले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. खिशात कागदात गुंडाळलेलं बेलाचं पान होतं. रीत सोपी निघाली. जिथं उचललं तिथं सोमवारी ठेवायचं, चूक झाली म्हणायचं आणि जायचं. सोमवार तीन दिवसांवर होता.

पण ते मठात होते त्या दिवशी शहरभर चाललेलं मीटर बदलण्याचं काम आमच्या घरी येऊन गेलं होतं. ठेकेदाराची दोन माणसं आली, एक शिट्टी वाजवत होता. जुनी चाकाची मीटरं काढली, नवी बसवली. नव्यात चाक नव्हतं. आकडे होते आणि एक तांबडा दिवा, वापर वाढला की भरभर लुकलुकणारा, कमी झाला की सावकाश.

अण्णा स्टुलावर बसले आणि वरच्या मीटरकडं बघत राहिले. दिवा एकदा लुकलुकायचा आणि मग जप संपून जायचा, दुसरा संपून जायचा, तरी पुन्हा लुकलुकायचा नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितलं. तिसऱ्या दिवशी बघितलं. तसंच.

"थांबलं," ते म्हणाले. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

"गीझरसुद्धा दिसत नाही, अण्णा," मी म्हणालो.

"मग तेच सांगतोय की. ती उठलीय." त्यांचा आवाज पुन्हा मोठा झाला. "उठलीय आणि बटणं बंद करत हिंडतीय. सुनंच्या घरात एवढी शिस्त दुसरं कोण आणणार? आजारी माणूस एकदम बरं झालं की असंच करतंय."

ते मला पटलं असं म्हणवत नाही, पण ज्या घरात दोघांनी मिळून तीस-पस्तीस वर्षं बटणं बंद केली, त्या घरात ते अगदीच अशक्यही वाटेना. शिवाय महेश-सविताही 'बरं हाय'च म्हणत होते. सोमवार आला. अण्णांनी बेलाचं पान काढलं आणि मीटरच्या फळीवर, दोन मीटरांच्या मधे नुसतं खोचून ठेवलं; चूक झाली म्हटलं नाही.

"शपथ वाचली, सर," म्हणाले. "तिलाबी आवडलं नसतं मी मोडलेली."

त्यांना आता एकच तक्रार उरली होती, ती स्वतःच्या मीटरची. घरात एक पंखा, एक रेडिओ आणि एक दिवा, तोही कुणासाठी जळतोय हे विचारून लावलेला. तरी त्यांच्या मीटरचा दिवा गणपतीच्या मांडवासारखा लुकलुकत होता. नवी मीटरं पळतात, अशी त्या वेळी सगळ्या गल्लीची ओरड होती. दुधाच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. अण्णांनी रीतसर तक्रार अर्ज दिला, मीटर फार वेगानं पळते, तपासावे. आणि मग त्या येड्या मीटरकडं ते बघेनासे झाले. ते फक्त वरचं बघायचे आणि खूश असायचे. मार्केटातही जाऊ लागले होते. माश्या परत आल्या होत्या.

असे काही आठवडे गेले. एका दुपारी मी दारात वर्तमानपत्र वाचत होतो. अण्णा जेवून स्टुलावर बसले होते. ते मला त्यांच्या मीटरची नक्कल करून दाखवत होते, डोळे भराभर मिटून उघडून. एवढ्यात त्यांच्या मीटरचा दिवा मंद झाला. लुकलुकला, थांबला, बऱ्याच वेळानं लुकलुकला.

"दमलं बघा," अण्णा हसून म्हणाले. "घोडं दमलं."

मग त्यांचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

"सर, मी घरात कायबी बंद केलं न्हाय."

ते उठले. आपल्या घरात गेले. खटकन् मेन स्विच पाडल्याचा आवाज आला. ते परत आले आणि आम्ही दोघांनी फळीकडं पाहिलं. अण्णांच्या मीटरचा दिवा सावकाश, पण लुकलुकत होता. वरच्या मीटरचा पुरता विझला होता.

ठेकेदाराच्या माणसांनी वायरी उलट जोडल्या होत्या. इतके दिवस अण्णा वरचं मीटर म्हणून आपल्याच घराचा एक पंखा आणि एक दिवा बघत होते. आणि ज्याला येडं म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं, त्याच्यावर ते दम न घेणारं यंत्र रात्रंदिवस चाललं होतं. आत्तापर्यंत.

वरून अजून कुणाचा आवाज आला नव्हता. अण्णांनी पायरीवर पाय ठेवला. फळीवरचं पान वाळून गेलं होतं, तिकडं त्यांनी पाहिलं नाही. जिना ते कठडा दोन्ही हातांनी धरून चढले, कारण इतक्या वर्षांत त्याच्या पायऱ्यांची उंची ते विसरले होते. मी मागं होतो. ते वर पोचले तेव्हा सविताचा पहिला हंबरडा आला.

आतल्या खोलीत अव्वा भिंतीला टेकून होती. नाकातली नळी काढून बाजूला ठेवली होती. महेश यंत्राजवळ उभा होता, बटणावर अजून बोट. त्यानं बापाला दारात बघितलं. अण्णा बायकोकडं गेले नाहीत. आधी त्या यंत्राकडं गेले, हवेतून प्राणवायू काढणारं, पत्र्याच्या पेटीएवढं ते यंत्र, आणि त्यावर तळहात ठेवला.

"गरम हाय अजून," म्हणाले. हळू आवाजात. त्यांना हळू बोलता येत होतं.

नंतर सवितानं सांगितलं, अव्वानं सगळ्यांना बजावलं होतं. खाली कुणाला काही कळू द्यायचं नाही. "त्यांना कळलं तर ते शपथ मोडतील आणि मग मी मरेपर्यंत मला ऐकवतील." नाकात नळी असताना ती हे सांगून हसायची, म्हणे. पहाटे मात्र तिनं विचारलं होतं, खाली कोण खोकलं का.

समाजाच्या रीतीनं तिला बसवून, भस्म लावून, फुलांच्या खुर्चीतून जिन्यानं खाली आणलं. बऱ्याच वर्षांनी ती खाली आली. अण्णा पुढं चालत होते, मागं बघत, पायऱ्या सांगत.

पुढच्याच वर्षी माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढवून निरोप घ्यायला गेलो तेव्हा अण्णा वर महेशकडं राहायला गेले होते. खालच्या घराला कुलूप होतं. ते खाली मात्र आले होते, जिन्याखाली स्टुलावर, फळीकडं पाठ करून. मी निघतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. जिन्यातला बल्ब भर दुपारी जळत होता. सवयीनं मी बटणाकडं हात नेला.

"असू द्या," अण्णा म्हणाले.

त्यांच्या तक्रार अर्जाला उत्तर आलं होतं, ते महेशनं मला दाखवलं. दोन्ही मीटर तपासण्यात आली असून दोन्हींचा वेग बिनचूक आहे, असं त्यात कळवलं होतं.